सवतीची फुलदाणी

कुमुदिनीला काचेचं वेड लागलं ते भूकंपानंतर. त्याआधी ती टोकियोच्या एदोगावा भागातल्या आम्हा सगळ्या मराठी बायकांसारखीच होती. नवऱ्याच्या मागोमाग आलेली, जपानी शिकता शिकता वैतागलेली, आणि आपण नाशिकच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो हे अधूनमधून बोलून दाखवणारी. नवरा प्रल्हाद संशोधक. तो घरी असला तरी डोकं प्रयोगशाळेत.

२०११च्या मार्चमध्ये योकोहामातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात काचेची कपाटं आडवी झाली. मालकीणबाई म्हाताऱ्या आणि एकट्या. ओळखीतून कुमुदिनी तिथं बाइतोला लागली, म्हणजे तासांवर काम. काम काय, तर फुटक्या फुलदाण्यांचे तुकडे वेगळे करायचे! "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," मी म्हटलं. ती हसली आणि गेली. चार महिने खिडकीशी बसून तुकड्याला तुकडा लावून बघत राहिली. त्या बोहेमियातल्या, म्हणजे युरोपातल्या चेक मुलखातल्या फुलदाण्या, साच्यात काच दाबून केलेल्या. करणाऱ्याचं नाव बहुतेकींवर नसतंच. मग बूड बघायचं, साच्याच्या जोडाची रेघ बोटानं चाचपायची, काचेची जाडी मोजायची, आणि कारखाना ओळखायचा. साचेही एका कारखान्यातून दुसऱ्यात जात, त्यामुळे चेहरा एकाचा आणि बूड दुसऱ्याचं असंही व्हायचं. हे सगळं मालकीणबाईंनी तिला शिकवलं, आणि जाताना काही तुकडेही दिले.

ते तुकडे तिनं बाल्कनीच्या दारात मांडले. दुपारी चहाला गेलं की भिंतीवर हिरवे, मधाळ, जांभळे डाग हळूहळू वर चढत असायचे. मी स्वभावानं फटकळ, गप्प बसणं मला जमत नाही. पण तिच्याकडे चहा गार होईपर्यंत मी त्या रंगांकडे बघत बसायचे. आपण कुठल्या देशात आहोत हेही तेवढा वेळ आठवायचं नाही. फार बरं वाटायचं.

दोन वर्षांनी, शरद ऋतूत, फुमिएसान तिच्याकडे आल्या. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या, पंच्याहत्तरीच्या. कचरा कसा वेगळा करायचा हे आम्हा दोघींना त्यांनीच रागावून रागावून शिकवलेलं. आदल्या वर्षी त्यांचे यजमान गेले होते. त्यांनी रुमालातून एक फुलदाणी काढली. उन्हात जांभळी दिसायची, ट्यूबलाइटखाली निळसर.

"कुणी केली आणि कधी, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

मग कारणही सांगितलं. यजमानांची पहिली बायको १९५८ साली वारली. फुमिएसान त्या घरात आल्या १९६२ला. चार वर्षांनी बाळंतपणाला माहेरी गेल्या, कारण जपानातही आपल्यासारखीच पद्धत. दोन महिन्यांनी तान्ह्या मुलीला घेऊन परतल्या, तर गेलेल्या माणसांच्या देव्हाऱ्याशेजारी ही फुलदाणी उभी. यजमानांनी मिठाची गुळणी धरलेली. फुमिएसाननी ओळखलं, की आपण नाही असं बघून ह्यांनी पहिलीची आठवण पेटीतून काढली. विचारलं मात्र नाही. पुढं सत्तेचाळीस वर्षं ती फुलदाणी त्यांनी रोज पुसली आणि एकदाही तिच्यात फूल घातलं नाही.

"तिची असेल तर आता मला घरात नको," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी न जळणारा कचरा नेतात."

कुमुदिनीनं एका बोहेमियन कारखान्याचा जुना कॅटलॉग उघडला. हुबेहूब तीच फुलदाणी, साल १९३५. खोटं बोलणं तिच्या रक्तात नाही, तिनं सांगून टाकलं. फुमिएसान वाकून आभार मानून गेल्या. त्या पाठमोऱ्या कशा लहानशा दिसत होत्या, ते कुमुदिनीनं मला दोनदा सांगितलं.

शुक्रवारी सकाळी सातला ती तुकडे पुसत होती. एका बुडाखाली बोटाला बारीक उंच कडं लागलं आणि बोट तिथंच थांबलं. हेच कडं तिला चार दिवसांपूर्वी लागलं होतं, फुमिएसानच्या फुलदाणीखाली. कॅटलॉगमधल्या जुन्या कारखान्याची बुडं घासून सपाट केलेली असतात. कडं असतं ते दुसऱ्या कारखान्याचं. त्यानं जुने साचे विकत घेतले होते, पण त्याचा माल निघायला लागला तोच साठ सालानंतर.

"सुचित्रा, सायकल काढ!" तिचा फोन. कचरा आठच्या आत बाहेर ठेवायचा असतो. मी गाऊनवर कोट चढवून निघाले.

फुमिएसान कोपऱ्यावर उभ्या होत्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं, त्यावर लाल अक्षरांत 'धोका'. कुमुदिनीनं ते त्यांच्या हातातून घेतलं, रस्त्यातच उलगडलं आणि त्यांचं बोट धरून बुडाखाली लावलं.

"माझं चुकलं. मी चित्र बघितलं, बूड बघितलंच नाही. साचा जुना आहे, फुलदाणी साठ सालानंतरची आहे. पहिल्या बाईंची असूच शकत नाही." तिला धाप लागली होती. "तुम्ही माहेरी होतात ना, तेव्हा ती विकत आणलेली असणार. तुम्ही बाळाला घेऊन घरी येणार म्हणून."

कोवळं ऊन काचेतून फुमिएसानच्या कोटावर पडलं होतं, आणि त्या बराच वेळ कडं चाचपत राहिल्या. कचऱ्याची गाडी आली, बाकीचं सगळं घेऊन निघूनही गेली.

मग त्या घराकडे वळल्या. आम्ही मागोमाग. आत जाऊन त्यांनी फुलदाणी यजमानांच्या फोटोपुढं ठेवली आणि समोर बसल्या. मला रडू आवरेना.

"मी विचारलं नाही, ते माझं चुकलं," त्या फोटोला म्हणाल्या. "पण तुम्ही रोज ती रिकामी बघत होतात. एकदा तरी म्हणायचंत, फुमिए, फूल घाल."