अजून खाली

गणपतीत आरती संपली की आमच्या बोरिवलीच्या घरी आई एक गवळण म्हणते. साथीला मी गिटार घेऊन बसतो. मला चारच सोपे कॉर्ड, म्हणजे तारा दाबायच्या बोटांच्या ठेवणी, येतात, म्हणून कॅपो लावतो. हा एक चिमटा असतो. गिटारच्या मानेवर तो जितका वर लावावा तितका सूर चढतो, बोटं मात्र तीच राहतात. आईचा आवाज उंच, त्यामुळे माझा कॅपो कायम पाचव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पाचव्या पडद्यावर, असायचा.

तिला दम लागायला लागला तसा मी तो दरवर्षी थोडा खाली आणत गेलो. तिला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून लावायचो. यंदा तर काढूनच ठेवला. तरी शेवटच्या कडव्यात तिचा आवाज फाटला. मागे टाळ वाजवणाऱ्या मावशीने ते कडवं कसंबसं ओढून नेलं.

प्रसाद वाटून झाल्यावर आई शेजारी येऊन बसली.

"दरवर्षी सूर खाली आणतोस. मला काय कळत नाही?"

मी बाजूला पडलेला कॅपो खिशात टाकला.

"अजून खाली जाता येतं का रे?"

"येतं. पण मग कॉर्ड बदलावे लागतात. कठीण असतात ते."

"मग शिक ना."

आता रोज ऑफिसातून आलो की तेच घोटत बसतो. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचं. बोटाला घट्टा पडलाय, आणि आवाज अजून धड येत नाही. आई आतल्या खोलीत पडून ऐकत असते. मधेच गुणगुणून बघते, थांबते, आणि म्हणते, "अजून खाली घे."