गवंड्याची चाल

हळूबाई हे नाव तिला लहानपणीच पडलं, आणि ते पाडलं तिच्या दादानं. ती वेणी घालायला बसली की आरसा कंटाळायचा, आणि ती चपला शोधेपर्यंत सोबत निघालेली माणसं जाऊन परत यायची. आळशी म्हणाल तर मुळीच नाही, हाताला सतत काम. पण घाई नावाची वस्तू देवानं तिच्या वाट्याला दिलीच नव्हती. हिला न्यायला यम आला तर बिचारा दारात बसून पेंगेल, असं दादा म्हणायचा, आणि तीही ते हसत हसत ऐकून घ्यायची.

पण कुणाची सोय कुठे लागेल सांगता येत नाही. शहराच्या कडेला एका जुन्या गोदामात सिनेमा बनत होता, खेळण्यातल्या ठोकळ्यांचा. एकमेकांत टचकन बसणारे ते रंगीत प्लास्टिकचे ठोकळे असतात ना, तेच. त्यांचंच गाव, त्यांचीच घरं, त्यांचीच बोटभर माणसं. बाहुलं टेबलावर उभं करायचं, फोटो काढायचा, पाय केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. असे ढीगभर फोटो भराभर दाखवले की बाहुलं पडद्यावर चालायला लागतं. दिवसभर मान मोडून राबावं तेव्हा काम इतकंसं पुढे सरकतं, की बघणाऱ्याला नेमकी तेव्हाच शिंक आली तर सगळं हुकलं. तिथे धावायचं नाही, दार आपटायचं नाही. टेबलाला कोपर लागलं तर सकाळपासूनचं सगळं मुसळ केरात. घाईची माणसं तिथून चार दिवसांत पळ काढायची. हळूबाई गेली आणि तिथलीच झाली. ज्यासाठी जन्मभर बोलणी खाल्ली, त्याचाच पगार मिळायला लागला. आता बोला.

दादा खरा गवंडी. आईवडील गेले तेव्हा हळूबाई फ्रॉकमधली पोर होती. तिला वाढवलं ते दादानं, एका हातात थापी आणि दुसऱ्या हातात तिचा हात धरून. त्याची भिंत ओळंबा न लावता सरळ यायची असं लोक म्हणत, पण तो ओळंबा लावायचाच. मग एकदा बांधकामाच्या उंच परांचीवरून पडला. हाड जुळलं, पण डावा गुडघा काही पुरता वळेना. तेव्हापासून तो डावा पाय जरासा बाहेरून फिरवून पुढे टाकायचा, क्षणभर थांबायचा, पायाची परवानगी घेतल्यासारखा, आणि मगच पुढचं पाऊल.

एरवी बोलायला दांडगा माणूस. पण पायाचा विषय निघाला की तोंडात मिठाची गुळणी. रस्त्यानं चालताना सगळ्यांच्या मागे राहायचा, पाठीमागून कुणी बघायला नको म्हणून. कुणाच्या लग्नाला गेला तर सगळ्यांच्या आधी खुर्ची धरायचा आणि हॉल रिकामा झाला की उठायचा. उंचावरची कामं सोडली आणि कुंपणाच्या भिंती बांधून संसार केला. स्वतःचं घर बांधलं तेही बैठं, दारात पायरीसुद्धा एकच. त्या घरात तो, वहिनी आणि लग्नाच्या फंदात न पडलेली हळूबाई, अशी तीन माणसं.

हळूबाईला मात्र ती चाल तोंडपाठ. लहान असताना संध्याकाळी खिडकीला नाक लावून बसायची. कामावरून परतणाऱ्यांचा लोंढा यायचा, सगळ्यांच्या अंगावर सारखीच धूळ, अंधुक उजेडात चेहरे कळायचे नाहीत. दादा पडल्यापासून तिच्या मनात एकच भीती, आज तो परत येईल ना? आणि मग सगळ्यांच्या मागून ती चाल यायची. फिरलेला पाय, थांबणं, पुढचं पाऊल. ती दिसली की हळूबाई खिडकी सोडून पानं घ्यायला लागायची.

तर पहिल्या सिनेमात तिच्या वाट्याला नेमका गवंडी आला. पिवळ्या टोपीचा, हातात थापी. नायकाच्या मागून भिंतीच्या कडेनं एकदा जायचं, एवढंच त्याचं काम. ना नाव, ना वाक्य. याला कसा चालवू, असं तिनं विचारलं तर दिग्दर्शक म्हणाला, हवा तसा चालव, त्याच्याकडे कोण बघतंय. तिनंही फार विचार केला नाही. गवंडी म्हटल्यावर तिच्या बोटांना एकच चाल येत होती. मग पडद्यावर पाहिलं. दादाच चालला होता. बोटभर, प्लास्टिकचा, पण दादाच.

घरी तिनं अवाक्षर काढलं नाही. जन्मभर खऱ्या विटा रचल्या, आता खोट्या बघायला तिकीट काढू होय, असं म्हणून दादानं सिनेमाचं नाव टाकलं, हे तिचं नशीब. बाहेर मात्र भेटेल त्याला सांगायचा, आमची हळूबाई सिनेमावाली. तिनं मनाची समजूत घातली, की आपला गवंडी कोपऱ्यातून जातो, कुणाला दिसतोय.

अहो, पण मुलांना दिसतो ना. मुलांना नेमकं कोपऱ्यातलंच दिसतं. सिनेमा चालला, आणि चालला म्हणजे असा चालला, की त्याला पिलावळ झाली. ठोकळ्यांच्या हत्तीचा एक सिनेमा आला, समुद्रात दरोडे घालणाऱ्या आजीचा एक आला. दोन्हींत गवंडी आपला मागच्या मागे पाय टाकत जायचा आणि थिएटरात टाळ्या पडायच्या. शेवटी वरच्या लोकांनी ठरवलं, आता गवंड्याचाच सिनेमा काढायचा.

त्या सिनेमात हळूबाईनं जीव ओतला. गोष्ट साधी. गावासाठी मनोरा बांधायचा असतो, सगळे म्हणतात याच्या पायानं हे व्हायचं नाही, आणि हा पठ्ठ्या उभा जिना चढून सगळ्यात वरचा ठोकळा बसवून येतो. त्याचा पाय असा का झाला हेही दाखवू या, असं कुणीतरी सुचवलं. हळूबाई कधी नव्हे ती अडून बसली, पडताना दाखवायचं नाही. काम चालू असताना रोज ठरवायची, आज दादाला सांगू. पण इथेही तिचा स्वभाव आडवा आला. सांगू सांगू म्हणता सिनेमा लागला.

आणि गल्लीतली सगळी मुलं गवंडी झाली. डोक्याला कागदाच्या पिवळ्या टोप्या, हातात चमचे, आणि पाय फिरवत, थांबत, रांगेनं इकडून तिकडे. दादा पिशवी घेऊन दुकानाला निघाला होता. फाटकाशी उभा राहून त्यानं पाहिलं. एका मुलीला विचारलं, काय खेळताय गं. तिनं खुशीत सांगितलं, गवंडी. दादा तसाच मागे फिरला. पिशवी खुंटीला लावली आणि वहिनीला म्हणाला, यापुढे सामान तू आणत जा.

त्या दिवसापासून तो फाटकाबाहेर पडला नाही. संध्याकाळचं फिरणं बंद, मित्रांचा कट्टा बंद. न्हाव्यालाही घरीच बोलावलं. मुलांवर ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो नुसता आतल्या खोलीत, खिडकी लावून. ज्यानं अर्ध्या शहराची कुंपणं बांधली, तो स्वतःच्याच कुंपणाआड बसला. सांगावं तर त्याच्या पायाचा तमाशा सख्ख्या बहिणीनं मांडला असं व्हायचं, न सांगावं तर माणूस आतल्या आत वाळून जायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

वहिनीनं तिला स्वयंपाकघरात गाठलं. वहिनीला सगळं ठाऊक होतं. पहिला सिनेमा तिनं मैत्रिणीबरोबर गुपचूप पाहिला होता आणि गवंड्याच्या दुसऱ्याच पावलाला ओळखलं होतं. नवरा आहे माझा, टोपी बदलली म्हणून ओळखणार नाही होय, असं म्हणाली आणि पुढे बजावलं, की इतके दिवस तुझ्यासाठी मूग गिळून बसले, आता तुझं तू निस्तर, आणि निदान या कामात तरी हळू नको.

हळूबाई तशीच ओल्या हातानं आत गेली. दादा पलंगावर बसून जुना ओळंबा फडक्यानं पुसत होता.

“दादा, मुलं तुला चिडवत नाहीयेत. ती माझ्या गवंड्याची नक्कल करतायत,” ती म्हणाली. “आणि माझा गवंडी तू आहेस.”

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. ओळंबा बाजूला ठेवला. मग उठून सदरा बदलला.

“दाखव,” म्हणाला.

थिएटरापर्यंत तो नेहमीसारखा तिच्या मागून आला. पायऱ्या चढून ती तिकिटं काढायला लागली, तोवर तोही मागून पोचला. आत सगळ्यांच्या आधी जाऊन त्यानं खुर्ची धरली. सिनेमा सुरू झाला. हळूबाईनं पडद्याकडे पाहिलंच नाही, ती दादाकडे बघत होती. गवंडी पहिल्यांदा आला, पाय फिरवला, थांबला, तशी दादाची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली. मध्येच गवंड्याचं घमेलं सांडलं आणि सगळं थिएटर हसलं. पण जिन्याच्या वेळी एवढी मुलं भरलेली ती जागा चिडीचूप झाली, आणि वरचा ठोकळा बसला तेव्हा मागची एक लहान मुलगी चक्क रडत होती.

दिवे लागले. लोक उठून गेले. दादा बसूनच होता.

हळूबाईनं धीर केला. “लहानपणी रोज खिडकीत बसायचे रे मी. तू परत येतोस की नाही, एवढीच काळजी. त्या चालीत मला कधी वाईट दिसलंच नाही. ती दिसली की कळायचं, दादा आला.”

दादानं रुमाल काढून नाक शिंकरलं. भिंत पारखताना बघायचा तसा रिकाम्या पडद्याकडे पाहत राहिला.

“जिना चुकलाय,” तो म्हणाला.

तिला वाटलं, विषय टाळतोय. पण तो उठून बाहेर पडला. ती मागोमाग येऊन दाराशी थांबली. पायऱ्यांवर अजून मुलांचा घोळका होता, टोप्या घातलेला, दंगा करणारा. दादा त्यांच्यामधून खाली उतरला, वळला, आणि सगळ्यांसमोर पुन्हा पायऱ्या चढू लागला.

“चढताना चांगला पाय आधी. दुखरा मागून येतो,” तो चढता चढता हळूबाईला म्हणाला. “उतरताना दुखरा आधी. तू त्याला दुखऱ्या पायावर चढवलंस. पडला असता तो. मी तसाच पडलो होतो दुसऱ्यांदा, हॉस्पिटलच्या जिन्यात.”

घरात जिना नाही, आणि बाहेर दादा कायम मागे. तो जिना कसा चढतो हे हळूबाईनं आयुष्यात पाहिलंच नव्हतं. आणि पडण्याबद्दल त्याच्या तोंडून हे पहिलंच वाक्य. तिचे डोळे भरून आले, पण तिनं बघणं सोडलं नाही, नीट बघून घेतलं.

दंगा थांबला होता. मुलं आधी टकामका बघत राहिली. मग एकजण खाली जाऊन दादाच्या मागे उभा राहिला, त्याच्यामागे दुसरी, आणि बघता बघता रांग लागली. दादानं मागे वळून पाहिलं.

“अरे डावा,” दादा पहिल्या मुलाला म्हणाला. “डावा पाय फिरवायचा. उजवा चांगला आहे माझा.”

दोनतीनदा त्यानं सगळ्यांना चढवलं, उतरवलं. एकीची टोपी पडली ती उचलून नीट बसवून दिली. मग दमून हळूबाईपाशी आला आणि कपाळ पुसत म्हणाला, “पण वर पोचवलंस त्याला. ते बरं केलंस.”

मग तिची वाट न बघता तो रस्त्याला लागला. पाय फिरवत, थांबत, भर गर्दीतून, सगळ्यांच्या पुढे. हळूबाईला त्याला गाठता आलं असतं. पण ती मुद्दाम हळू चालली.