बाईंचं लॉगिन

अकोल्याच्या आमच्या माती तपासणीच्या लॅबमध्ये सगळे अहवाल सर्व्हरवरच्या एका शेअर फोल्डरमध्ये असत. ते सांभाळणाऱ्या ऑपरेटर बाई पातूरहून रोज एसटीनं यायच्या. अमरावतीच्या मुख्य ऑफिसनं सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलं आणि ते माझ्या गळ्यात मारलं. ट्रान्सफरच्या सेटिंगमध्ये मी सर्व्हरचा पत्ता टाकला, फोल्डरचं नाव टाकलं आणि युजरनेम-पासवर्डपाशी अडलो. त्यातले सगळे फोल्डर उघडायचा अधिकार एकट्या बाईंच्या लॉगिनला होता. या कामापुरतं वेगळं खातं काढायला हवं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. घाई म्हणा, आळस म्हणा, मी बाईंनाच विचारलं. त्यांनी हसत पासवर्ड टाईप करून दिला, वर चहाही मागवला.

रोज सकाळी नऊला बाईंच्या लॉगिननं फायली आपोआप क्लाउडवर जाऊ लागल्या. महिनाभरात लॅबच्या साहेबांनी बाईंना घरी बसवलं. आता ऑपरेटर कशाला, म्हणे! मी त्यांचं खातं बंद करायला निघालो, तर हेच साहेब खेकसले, "हात नको लावू त्याले! ट्रान्सफर बंद पडलं तं तू निस्तरशीन काय?"

परवा एसटी स्टँडवर बाई भेटल्या.

"सर, माह्यं नाव काढलं असन नं तिथून?"

"केव्हाच," मी म्हणालो.

खोटं बोललो. त्यांचं नाव आजही रोज नऊच्या ठोक्याला कामावर हजर असतं. दारातून आत यायला मनाई आहे ती फक्त बाईंना.