धीरताईच्या सासूबाई लिफ्टमध्ये

४ मार्च रोजी दुपारी मी धीरताईला रक्कम सांगितली : सहाशे चाळीस. पुढच्या महिन्यापासून नोकरी चालू ठेवली, तर पाळणाघराची फी, मुलीला न्यायला उशीर झाल्याचा दंड आणि येण्याजाण्याचा खर्च वजा जाता तिच्या हातात महिन्याअखेर एवढेच उरणार होते. बेरीज मी दोनदा तपासली होती. तिने कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"म्हणजे काका, महिनाभर लोकांची बोंबाबोंब मी सहाशे चाळीसवर ऐकायची?"

"हिशेब तसं म्हणतो."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

मी वाणिज्य शाखेचा माणूस. हिशेब म्हणेल त्याच्यापेक्षा वेगळं म्हणायची मला सवय नाही. मी चष्मा पुसायला घेतला.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. कुठे कोणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन आमच्याकडे येतो आणि तो धीरताई घेते. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं. "धीर सोडू नका, आमचा माणूस निघालाय" हे वाक्य ती दिवसातून इतक्या वेळा म्हणते, की तिला सगळे धीरताईच म्हणतात. वयाने ती माझ्या मुलीएवढी आहे.

या फोनचे काही नियम आहेत. आधी नाव, इमारत, आत किती जण आणि अंदाजे वजन विचारायचं. "पाच मिनिटांत येतो" असं चुकूनही सांगायचं नाही. वाद घालायचा नाही. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे बोलणं तुटू द्यायचं नाही, कारण बोलत राहणारा माणूस घाबरत नाही, असं मालकांचं मत आहे. मेकॅनिकला पत्ता दोनदा सांगावा लागू नये म्हणून हा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. त्यामुळे अडकलेला माणूस काय बोलतो ते सबंध ऑफिस ऐकतं. एका दंतवैद्याने एकदा धीरताईला दोन मजल्यांच्या मधून आपल्या लग्नाची हकीकत सांगायला घेतली. सुटका झाल्यावर "राहिलेलं सांगतो" म्हणून त्याने परत फोन केला.

तर असं हे काम तिला सोडायची वेळ आली होती ती सासूबाईंमुळे. धीरताईची मुलगी दीड वर्षाची. चेहरा गोल म्हणून तिला गुंडी म्हणतात. तिला दिवसभर सासूबाई सांभाळत. नवरा शाळेची बस चालवतो, त्याला सकाळी लवकर निघावं लागतं. फेब्रुवारीच्या शेवटी सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं, "मी एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून भावाकडे जाते. तुमचं तुम्ही बघा."

नवरा-बायको दोघंही शिस्तीची माणसं. त्यांनी खरंच त्यांचं ते बघायला घेतलं. तीन पाळणाघरं पाहिली, फीचे आकडे आणले, ते माझ्यापुढे ठेवले. मी सहाशे चाळीस काढून दिले.

दोन दिवसांनी तिने राजीनामा लिहिला. शब्द बरोबर आहेत का बघायला माझ्याकडे आणला. मी एक स्वल्पविराम वाढवला. मालक चहाला गेले होते, आले की द्यायचा असं ठरलं. मेकॅनिक पान्या म्हणाला, "ताई, तुम्ही गेलात तर अडकलेली माणसं माझ्याशी बोलणार. तुम्हाला त्यांची दया येत नाही?"

"तू त्यांना काय सांगशील?"

"सांगेन, ओरडू नका, मी दुपारचा जेवलोय, निघतो हळूहळू."

एवढ्यात फोन वाजला. कागद टेबलावर ठेवून धीरताईने तो उचलला.

"नमस्कार. धीर सोडू नका. आपलं नाव?"

"अगं, मी बोलतेय!"

"आपण म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? तुझी सासू!"

कोणीही दुसरं माणूस "अगं बाई" म्हणून किंचाळलं असतं. पण सहा वर्षांची सवय. धीरताईच्या तोंडून पुढचा प्रश्न आपसूक बाहेर पडला.

"इमारत कोणती?"

"आपलीच! तू राहतेस ती!"

"आत किती जण आहेत?"

"मी आणि तुझी मुलगी. पाहुणे बोलावले होते का?"

"दोघींचं मिळून अंदाजे वजन?"

"माझं वजन विचारतेस? चार लोकांत?"

लोक खरंच चार होते : मी, पान्या, टायपिस्ट आणि भांडी धुवायला आलेली बाई. पान्या हसू दाबत हत्यारांची पिशवी घेऊन धावला. त्या इमारतीचं कंत्राट आमच्याकडे नव्हतं, दुसऱ्या कंपनीकडे होतं. पण ते विचारायला थांबलं कोण? झालं एवढंच होतं की गुंडीने आजीच्या कडेवरून हात फिरवून सगळी बटणं एकदम दाबली होती, आणि जुनी लिफ्ट तिसऱ्या नि चौथ्या मजल्याच्या मध्ये रुसून बसली होती.

"गुंडी रडतेय?" धीरताईचा आवाज पहिल्यांदा जरा हलला.

"छे! मजेत आहे. अजून बटणं दाबतेय. रडायला आलंय ते मला."

हे ऐकलं आणि धीरताई सावरून बसली. आवाज पुन्हा ऑफिसचा झाला. "धीर सोडू नका. आमचा माणूस निघालाय. मला सांगा, आज सकाळपासून काय काय केलंत?"

हा प्रश्न ती प्रत्येक अडकलेल्याला विचारते. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "हे तू आज विचारतेस होय?"

आणि त्या बोलायला लागल्या. गुंडी उठते कधी, दूध सांडते कुठे, चपला खिडकीतून कशी टाकते, आणि त्या आणायला चार मजले कोण उतरतं. टायपिस्टने टायपिंग थांबवलं. भांडीवाल्या बाई कप हातात धरून उभ्या राहिल्या आणि मधून मधून "खरंय हो" म्हणू लागल्या.

"आणि दुपारी? दुपारी जरा पडता ना, आई?"

"कंबर टेकली की ही उठते. खाली तळमजल्यावर बायका रोज पत्ते खेळतात. मला बोलावतात. मी काय सांगू, गुंडीबाईंची परवानगी काढून येते?"

"तुम्हाला पत्ते येतात?"

"माहेरी सगळ्यांना हरवायचे मी!"

"मग आता मामांकडे गेलात की खेळायला मिळेल."

"भावाकडे?" फोन घरघरला. "त्याची बायको मला दारात तरी उभं करेल का? अगं, मी म्हटलं, जाते म्हटल्यावर कोणीतरी थांबा म्हणेल. तर तुम्ही दोघं दुसऱ्या दिवशी पाळणाघरं बघायला निघालात! माझी बॅगसुद्धा काढून दिलीत माळ्यावरून!"

धीरताई गप्प झाली. बोलणं तुटू द्यायचं नाही हा नियम तिने त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. भांडीवाल्या बाईंनी मला कोपराने ढोसलं, जणू बॅग मीच काढली होती.

मग धीरताई म्हणाली, आणि हा आवाज ऑफिसचा नव्हता, "थांबा ना, आई."

"थांबलेच आहे," सासूबाई म्हणाल्या. "लिफ्ट हलतेय कुठे?"

थोड्या वेळाने फोनमधून ठोकाठोक ऐकू आली, आणि पान्याचा आवाज, "आजी, बाजूला व्हा, दार ओढतोय!" त्यावर सासूबाई त्याला म्हणाल्या, "जरा थांब रे बाबा, आमचं बोलणं चाललंय."

मालक चहाहून आले तेव्हा धीरताई रुमालाने डोळे पुसत होती आणि राजीनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टायपिस्ट भांडीवाल्या बाईंना पत्त्यांचे गुण कसे मोजतात ते समजावत होती. मालकांनी कागद उलटून वाचला, धीरताईकडे पाहिलं आणि विचारलं, "हे मला आहे का?"

"नाही," धीरताई म्हणाली. "होतं."

आता गुंडी दुपारी तीन तास पाळणाघरात असते आणि त्या वेळात सासूबाई तळमजल्यावर. भावाकडे जायचा विषय निघत नाही. बॅग परत माळ्यावर गेली, ती नवऱ्याने टाकली. मी धीरताईला विचारलं, नव्या व्यवस्थेप्रमाणे हिशेब करून देऊ का? ती म्हणाली, "नको काका. तुमचा हिशेब बरोबर येतो हो, पण आम्ही घाबरतो."

एक गोष्ट मात्र राहिली. ज्या इमारतीचं कंत्राट आमच्याकडे नाही तिथे माणूस पाठवला तर तीनशे पंचाहत्तर आकारायचे असा नियम आहे. मालक म्हणाले, नियम म्हणजे नियम. बिल मी सासूबाईंच्या नावाने केलं. त्यांनी निरोप पाठवला, "पत्त्यांत जिंकले की देते." माहेरचं काय असेल ते असो, तळमजल्यावर त्या हरतात, असं धीरताई सांगते.

मी पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतोय. तीनशे पंचाहत्तर अजून येणे आहेत.