पीपी नंबरवरून दिलेला होकार

माझ्या पहिल्या व्हिजिटिंग कार्डावर फोन नंबराच्या पुढे ‘पीपी’ अशी दोन अक्षरं होती. फोन शेजाऱ्यांचा आहे, त्यांना सांगा, ते मला हाक मारतील, एवढाच त्याचा अर्थ. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भाईंदर पूर्वेला ज्याच्या त्याच्या कार्डावर हे असायचं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. माझी अडचण एवढीच, की मला फोन यायचे ते टोकियोहून, नैरोबीहून आणि युरोपातून.

गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून आई आणि मी इथे आलो होतो. दोन खोल्या, स्वतःचा संडास आणि मागच्या खिडकीतून मिठागरं. आई या खिडकीवर जाम खूश होती. मी टेलिफोनसाठी अर्ज केला, तेव्हा टेलिफोन कचेरीतला कारकून माझ्याकडे दयेने बघून म्हणाला, “मॅडम, विसरून जा, म्हणजे लवकर येईल.” विसरले नाही, म्हणून बहुतेक आला नाही.

फोन होता समोरच्या दारात, मावशींकडे. त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात लाइनमन होते. घर मूळचं मराठवाड्याचं. सकाळी तिथे बुद्धवंदना चालायची तेव्हा आमचा चहा व्हायचा, आमची दारं सदाची उघडी. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. पण आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर रिक्षावाला गाडी बंद करून वर बघायचा.

माझं काम समुद्राच्या पाण्याचं तापमान जमवायचं. हवामानाचा अभ्यास म्हटलं की बिल्डिंगमधला प्रत्येक जण विचारायचा, “मग उद्या छत्री नेऊ का?” मला त्याचा इतका वैताग यायचा, की मी सांगायचे, “न्या, दोन न्या.” खरी भानगड वेगळीच होती. पाच देशांची जहाजं एकाच समुद्रात फिरायची. कुणी दोराला बादली बांधून पाणी वर ओढायचं आणि त्यात थर्मामीटर बुडवायचं, कुणी इंजिनकडे जाणाऱ्या पाइपातलं पाणी मोजायचं. आकडे जुळणार कसे? समुद्र तापतोय की नुसती मोजायची पद्धत बदललीय, हे कळायचं तर आधी सगळ्यांकडून एकच गोष्ट करून घ्यायला हवी होती: काय मोजलं त्याच्या शेजारी कसं मोजलं तेही लिहा. एवढ्याशा गोष्टीसाठी पत्रं, टेलेक्स, विनवण्या, रुसवेफुगवे. एखाद्या लग्नघरातल्या वरमाईला सांभाळणं परवडलं.

आमच्या संस्थेतला परदेशी बोलायचा फोन संचालकांच्या केबिनमध्ये. केबिनला साडेपाचला कुलूप. युरोपातली दुपार तर तेव्हा कुठे सुरू व्हायची. म्हणून मी मावशींचा नंबर देऊन टाकला, त्यांना न विचारता. पहिला फोन संध्याकाळी साडेसातला आला. मावशी दारात येऊन ओरडल्या, “अगं माय, कुणीतरी बाई इंग्रजीत रागवायलीय! ये लवकर!”

ती बाई रागवत नव्हती. तिचा आवाजच तसा होता. युरोपातल्या ज्या कचेरीतून हा पाच देशांचा कारभार चालायचा, तिची ती प्रमुख. नेमकं बोलायची, लगेच ठेवायची. मावशींनी तिच्याशी दोन महिन्यांत जमवून घेतलं. मी घरी नसले की त्या फोनजवळच्या वहीत निरोप लिहून ठेवायच्या, देवनागरीत: “जपानच्या आकड्यांची टेप आली. वाचता येत नाय. दुसरी मागवा. बाई बरी आहे, सर्दी झालीय.” सर्दीचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिकडच्या लोकांना मावशी माझ्या सेक्रेटरी वाटायच्या, आणि मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. जरा भाव वाढायचा.

मग एका संध्याकाळी त्या बाईने मला तिकडे यायला सांगितलं. सहा महिने, तिच्या कचेरीत, सगळ्या देशांची नोंदपद्धत एक करायच्या कामावर. मी विचार करून सांगते म्हटलं. आठवड्याने तिचा फोन पुन्हा आला, तेव्हा मी मावशींच्या दारातच उभी होते. त्यांनी रिसीव्हर पुढे केला, आणि मी दोन्ही हात हलवून खूण केली. मी नाही. घरात नाही. येणार नाही म्हणून सांगा.

मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाल्या, “मॅडम नॉट होम. मॅडम नॉट कमिंग.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मी पुटपुटले, “आई.” मावशी म्हणाल्या, “मदर सिक.” फोन ठेवला आणि कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, “काय आजार झालाय गं तुझ्या आईला? आत्ता पोळ्या लाटताना पाहिली की मी.”

 आईला दमा होता, खोटं नव्हतं ते. पण त्या दम्याने आई कधी थांबली नव्हती. थांबले होते मी. पस्तिशी उलटलेली मी बाई पाच देशांना फोनवरून शिस्त लावत होते, आणि परक्या गावात एकटीने दार उघडून आत जायची मला भीती वाटत होती. सरळ भीती. तिला मी आईचं नाव दिलं होतं.

पुढच्या वर्षी मी तीन आठवड्यांसाठी संशोधन जहाजावर गेले. बादली आणि पाइप, दोन्हींनी एकाच वेळी मोजून फरक काढायचा होता. तीन आठवडे ओकाऱ्या, मीठ आणि खलाशांची थट्टा. परतले तेव्हा अंगावरचा वास मलाच सहन होत नव्हता. आईने दार उघडलं, पाणी दिलं आणि एक परदेशी पाकीट हातात ठेवलं.

आत लिहिलं होतं की तीन वर्षांची नेमणूक स्वीकारल्याबद्दल आभार, दूरध्वनीवरून कळवलेला होकार समितीपुढे ठेवला आहे, कामावर कधी रुजू होता ते कळवा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चप्पलही न घालता मी समोर गेले. मावशी मेथी निवडत होत्या. “तुम्ही हो म्हणालात? माझ्या वतीने? तुम्ही कोण हो माझं ठरवणाऱ्या?”

“बस आधी. त्या बाईनं पुन्हा बोलावलं तुला, या खेपेला तीन वर्षं. शुक्रवारपर्यंत उत्तर पायजे होतं तिला. तू समुद्रात. कुठं विचारू तुला?”

“मग नाही सांगायचं!”

“गेल्या साली तुझ्या वतीनं नाही म्हटलं, ते चाललं तुला. इथंच उभी होतीस दारात. आता हो म्हटलं तर राग आला व्हय?” त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. “आणि ऐक तरी, मी त्या बाईला एक...”

“मला काही ऐकायचं नाही!” मी इतक्या मोठ्याने ओरडले की खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला. “फोन तुमचा आहे म्हणून आयुष्य तुमचं झालं का?”

मावशींचा चेहरा पडला. हे वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. ती आमच्या उंबऱ्यात उभी होती, श्वास लागलेला. “त्यांच्यावर काय ओरडतेस? मी तिथेच बसले होते. मीच म्हटलं, सांगा हो म्हणून. आणि हे बघ, यापुढे काही नको असेल तर तुझं नको आहे म्हणून सांग. माझ्या छातीवर खापर फोडू नकोस. मला कमीपणा वाटतो.”

कमीपणा हा शब्द मला फार लागला.  सकाळी उठून मी कार्यालयाच्या कागदावर रुजू व्हायची तारीख लिहिली. मावशींशी मात्र धड बोलले नाही. निघायच्या दिवशी त्यांनी लसणाच्या चटणीचा डबा हातात दिला, मी तो घेतला आणि खाली मान घालून जिना उतरले.

तिकडचं काय सांगू? भीती वाटायची ती पहिले पंधरा दिवस, मग कामातून डोकं वर काढायला फुरसत मिळाली नाही. एका वाक्यावर पाच देश सहा-सहा महिने भांडायचे. ‘करावे’ लिहायचं की ‘करणे इष्ट’. प्रत्येक अट टाइप व्हायची, सह्या व्हायच्या, फाइलला लागायची. आणि ती रागीट आवाजाची बाई चुकूनही कुणाचं एक अक्षर हरवू द्यायची नाही. दर रविवारी मी फोन करायचे, मावशी उचलायच्या, “देते” म्हणून आईला द्यायच्या. मध्यंतरी आमच्याही घरी फोन बसला. आई त्यावर क्रोशाचा रुमाल घालून ठेवायची आणि रविवारी समोरच जाऊन बसायची. तिकडे बोलायला बरं वाटतं, म्हणायची.

दुसऱ्या वर्षी मावशींचा फोन आला. त्यांनी स्वतःहून केलेला पहिला. “आईला दवाखान्यात ठेवलंय. छातीत दुखलं. घाबरू नको, पण निघ.”

चार दिवसांवर वार्षिक बैठक होती. पाच देशांचे लोक निघालेले, आणि ज्या नोंदपद्धतीसाठी मी एवढी वर्षं घातली होती, ती त्या बैठकीत मंजूर व्हायची होती. मसुदा माझा, भांडणं मला माहीत. निघू कशी? बैठक संपताच रजा द्या, असं म्हणायला मी बाईच्या खोलीत गेले. वाक्य पुरं होईना. आई आजारी आहे, एवढंच तोंडातून आलं.

ती उठली, माझी फाइल काढली आणि माझ्यापुढे उघडली. नेमणुकीच्या पत्राच्या वर एक पिवळा कागद लावलेला होता, तिच्या अक्षरातला. फोनवरून होकार. बोलणारी व्यक्ती: मावशी. आणि खाली: एक अट. आई आजारी पडल्यास हिला घरी पाठवायचं, त्याच दिवशी, विमानाने. ‘त्याच दिवशी’ खाली दोन रेघा. अट मान्य, आणि बाईची सही.

“तिने हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं,” बाई म्हणाली. “सेम डे, सेम डे म्हणत होती. मी हो म्हणेपर्यंत तिने तुझा होकार दिला नाही.” स्टेशन रोडच्या लाँड्रीवर पाटी होती, ‘सेम डे’. मावशींनी तो शब्द तिथून उचलला असणार. मी त्या खुर्चीत बसून हमसून रडले. बाईने तोवर तिकिटासाठी फोन फिरवला होता. बैठकीचं काय विचारलं, तर म्हणाली, “ते मी बघते. हे आधी ठरलेलं आहे.”

मी पोचले तेव्हा आई जागी होती. नाकाला नळी होती, तरी पहिला प्रश्न तिचा तोच. “बैठक कोण बघतंय?”

“बाई बघतायत.”

“मग बस,” ती म्हणाली आणि माझा हात धरला. आई त्यानंतर नऊ दिवस होती. नऊही दिवस मी तिच्याजवळ होते. तिला भरवलं, तिची वेणी घातली, मिठागरांवरच्या बगळ्यांची खबर दिली. माझ्या आयुष्यात मी एवढं समाधानाने दुसरं काही केलेलं नाही.

सगळं आटोपल्यावर एका दुपारी मी समोर गेले. फोन तिथेच होता, वही तिथेच. मावशींच्या पायाशी बसले आणि विचारलं, “मावशी, ती अट घातली होतीत, मला सांगितलं का नाही?”

त्यांनी पदराने माझे डोळे पुसले. “तू विचारलंस कुठं गं माय,” त्या म्हणाल्या. “तू तर भांडायला आली होतीस.”