बचतीसाठी जाळलेलं पेट्रोल

पंपावर टाकी भरली, की आमचे गणिताचे सर खाली उतरून गाडी हलवायला लागायचे. आम्हालाही उतरवायचे. "हलवा, हलवा! अजून अर्धा लिटर बसतंय!" मग एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं विज्ञानाच्या मॅडम. भर परभणीत तीन शिक्षक एका जुन्या गाडीला झोके देतायत, हे दृश्य तुम्ही पाहिलं नसेल, तर तुमचं आमच्याकडे येणं-जाणं कमीच म्हणायचं.

टाकी काठोकाठ भरल्याशिवाय मायलेज बरोबर निघत नाही, असं सरांचं म्हणणं. परभणीहून बोरीच्या शाळेत आम्ही त्यांच्याच गाडीतून अपडाऊन करायचो. गाडी लिटरला बारा द्यायची. कितीही हलवा, बाराच. आकडा पाहून सर असा चेहरा करायचे, जणू घरचंच पोरगं गणितात नापास झालंय.

अशात त्यांनी शोरूममध्ये लिटरला चोवीस देणारी गाडी पाहिली. विकणारा म्हणाला, "सर, पेट्रोलच्या बचतीतच गाडी निघून येते." झालं! सर घरी आले ते तरंगतच. मीही आगीत तेल ओतलं. खोटं कशाला बोलू, मला एसीशी मतलब होता.

पण माणूस गणिताचा. स्टाफरूमच्या फळ्यावर त्यांनी सगळं मांडलं. जुनी गाडी देऊन वर सात लाख घालायचे. वर्षाचं फिरणं पंधरा हजार किलोमीटर, बचत पासष्ट हजार. म्हणजे पैसे वसूल व्हायला जवळजवळ अकरा वर्षं. आणि नोकरी उरली होती चार.

"उत्तर आवडलं न्हाई म्हणून बदलत नसतं," हे पोरांना जन्मभर ऐकवणारा माणूस तेच गणित पुसून पुन्हा मांडायला लागला. गाडी त्यांच्या मनात किती बसली होती, ते मला तेव्हा कळलं. मग एकदम डोळे चमकले.

"तिप्पट फिरलो तर? चार वर्षांच्या आत वसूल!"

आणि मंडळी, सर फिरायला लागले. जुन्याच गाडीत! "सवय लावून घ्यायलोय," म्हणे. मॅडमच्या मावशीला नांदेडची रेल्वे पकडायची होती, तर परभणीचं स्टेशन मागं टाकून तिला थेट नांदेडच्या अलीकडच्या चुडावा स्टेशनला नेली. मावशी उतरताना म्हणाली, "बाबा, आता नांदेड राहिलंय किती? रेल्वेला तरी कशाला त्रास?" सोनपेठला माझ्या भाचीचं लग्न दोन महिन्यांवर होतं. "चला, मांडवाची जागा बघून येऊ," म्हणून मला घेऊन निघाले. वाटेत दोनदा टाकी हलवली.

एका रविवारी त्यांच्या घरी चहा घेत होतो. वहिनी म्हणाल्या, "अहो, हे रिकामं हिंडणं बंद केलं तर किती वाचंल, ते काढलंय का?"

सरांनी खिशातलं पेन काढलं, आणि परत ठेवलं. मी हसू बशीत लपवलं.

"तुमाला ती गाडी लय आवडलीय ना?" वहिनींचा आवाज उतरला. "लग्नापासून एक वस्तू हौसेनं घेतली न्हाई. छत्री आणली ती बी पावसाळा सरल्यावर, स्वस्त झाली म्हणून. घ्या की गाडी. पण हौस म्हणून घ्या. बचत बचत करून माझं डोकं खाऊ नका."

"पण हौस मांडायची कुठं?" सरांनी खरंच विचारलं. वर्गात उत्तर न येणाऱ्या पोराचा चेहरा असतो, अगदी तसा.

"मांडायचीच न्हाई."

गाडी आली. चार वर्षं आम्ही एसीत शाळेला गेलो. नंतर सर रिटायर झाले, आणि मी नि मॅडम एसटीच्या दांड्याला लोंबकळायला लागलो.

परवा स्टॉपवर उभे होतो, तर समोर तीच गाडी थांबली. सर चालवत होते, वहिनी शेजारी, मांडीवर डबा.

"कुठं निघालात?"

"येलदरीला. धरण बघायला."

"काही काम?"

"न्हाई," सर म्हणाले, आणि लाजले. मग सवयीनं मागं बघून, "बोरी वाटेतच हाय, बसा की!"

मी दाराला हात घातलाच होता. वहिनी हसून म्हणाल्या, "भाऊजी, आज एसटीनंच जावा. आज आमी दोघंच."

गाडी निघून गेली. माझा हात तसाच हवेत. मॅडम म्हणाल्या, "आता तो हात एसटीला तरी दाखवा."