गोधडीत गेलेले शर्ट

आम्ही परदेशात, यिशुनला राहायला गेलो तेव्हा मुलगी पहिलीत होती. नवऱ्याची नोकरी सॉफ्टवेअरची, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर. मी डिपेंडंट पासवर, म्हणजे नोकरीची परवानगी नाही, घरीच. पुण्यात मी अकरा वर्षं शाळेत शिकवलं होतं. इथे सकाळी दोघं बाहेर पडली की दुपारपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसे. लिफ्टजवळच्या बोर्डावर एक कागद लागला होता : दर गुरुवारी सकाळी दहाला, कम्युनिटी सेंटरमध्ये, हस्तकला क्लब. दोन आठवडे मी तो नुसता वाचला. तिसऱ्या गुरुवारी गेले.

दहा-बारा बायका होत्या, बहुतेक चिनी. क्लब चालवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांना सगळ्या टीचर म्हणत. कुठे बसावं मला कळेना, तेव्हा एका वयस्क मलय बाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि माझ्या हातात क्रोशाची सुई दिली. त्यांना सगळ्या माकचिक म्हणायच्या, आपण मावशी म्हणतो तसं. त्या सेम्बावांगहून बसने येत. नवरा शिपयार्डमध्ये वेल्डर होता, आदल्याच वर्षी वारला होता. त्यांना इंग्रजी थोडंफार यायचं, मला मलय अजिबात नाही. तरी ताजा खवलेला नारळ कुठे मिळतो ते त्यांनीच दाखवलं, आणि मुलीला ताप आला तेव्हा डब्यात मऊ भात घेऊन बस बदलून घरी आल्या.

एकदा मी मुलीची गोधडी क्लबात नेली. बायकांनी ती उलटसुलट करून पाहिली, टाके मोजले. जवळच एक वृद्धाश्रम होता. टीचर म्हणाल्या, "तिथल्या लोकांसाठी आपण अशी एक करू. तुम्ही शिकवा."

इकडे आल्यापासून मला कोणी 'शिकवा' म्हटलं नव्हतं. मी तेवढ्याने पुन्हा शाळेतली बाई झाले. कोणी कोणता रंग आणायचा, टाका किती लांब घालायचा, सगळं सांगू लागले. वरून चांगले तुकडे लावायचे आणि आत धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या कपड्यांचे थर घालायचे, हेही मीच समजावलं.

त्याच सकाळी माकचिकनी मला एक पिशवी दिली. आत तीन निळे शर्ट होते, विरलेले. माझा हात धरून त्या बरंच काही बोलल्या, अर्धं मलयमध्ये. "सिंपान, सिंपान," असं दोनदा म्हणाल्या. मी "ओके, ओके" म्हटलं. मला काही कळलं नव्हतं. टीचरना मलय येत होतं आणि त्या दोन खुर्च्या पलीकडे बसल्या होत्या. विचारलं असतं तर अर्धं मिनिट लागलं असतं. पण कोणाचा तरी टाका वाकडा गेला होता आणि मला तो सुधारायचा होता.

शर्ट गोधडीच्या थरांसाठीच दिलेत असं धरून मी घरी आल्यावर त्यांच्या कॉलर, बाह्या, खिसे कापले आणि पाठी-पोटाचे तुकडे आत घालायला काढून ठेवले. एका खिशावर पिवळ्या दोऱ्याने काहीतरी भरलेलं होतं. कंपनीचं असेल असं वाटलं. कापलेलं सगळं मी कचऱ्यात टाकलं.

दोन महिन्यांनी गोधडी पुरी झाली. वृद्धाश्रमात नेऊन दिली, फोटो काढले, टाळ्या झाल्या. पुढच्या गुरुवारी माकचिक एक फुलाफुलांचं कापड घेऊन आल्या आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "आता ते शर्ट आण. नातीला उशी करू. आजोबांची."

सिंपान म्हणजे जपून ठेव, हे मला त्या क्षणी कोणी न सांगता समजलं. आणि मी म्हणाले, "पिशवी मी तुम्हाला परत दिली ना? इथल्या कपाटात असेल."

एका दमात म्हणाले. मग सगळ्यांनी कपाट रिकामं केलं. मीही शोधलं. लोकरीच्या गुंडाळ्या उचलून मी खाली वाकून पाहत होते. शेवटी टीचरनी खोली झाडणाऱ्या म्हाताऱ्या आँटीला बोलावलं.

"चुकून कचऱ्यात गेली का?" त्यांनी सौम्यपणे विचारलं.

"मी काही फेकलं नाही," ती म्हणाली. मग आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघत तिने पुन्हा तेच सांगितलं. तिची नजर माझ्यावर आली तेव्हा मी सुईत दोरा ओवत होते.

पंधरा दिवसांनी झाडायला दुसरीच बाई आली. जुनीने स्वतःहून दुसरी इमारत मागून घेतली, असं टीचर म्हणाल्या.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जुने शर्ट होते ना? विसरतील त्या." मला त्याचा भयंकर राग आला, कारण तीन आठवडे मी स्वतःला तेच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मी वृद्धाश्रमात गेले. गोधडी एका आजींच्या पलंगावर होती. नर्सने त्यांना चिनीत समजावलं, तरी त्यांनी एक टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं. मी उरलेली बाजू उसवली, शर्टांचे तुकडे काढले, त्यांच्या जागी माझी सुती साडी घातली आणि पुन्हा शिवायला बसले. दुपार गेली. आजींनी टोक सोडलं नाही.

तुकडे धुऊन, इस्त्री करून मी सेम्बावांगला गेले. माकचिकनी दार उघडलं, आत बसवलं, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, आँटीचंही. त्यांनी सहा तुकडे मांडीवर घेतले, एकावर एक ठेवले.

"खिसा?" त्यांनी विचारलं.

मी नाही अशी मान हलवली.

"त्याचं नाव होतं. मी भरलेलं." मग तुकड्यांच्या कडा सारख्या करत म्हणाल्या, "मला सांगितलंस. तिला सांगितलंस?"

गुरुवारी मी क्लबात सगळ्यांसमोर सांगितलं. आँटीची नवी इमारत शोधायला टीचर माझ्याबरोबर आल्या. आँटी जिना पुसत होती. टीचर मध्ये उभ्या राहून माझं बोलणं तिला चिनीत सांगत होत्या. पूर्ण ऐकेपर्यंत आँटीने फडका पिळला नाही. मग ती काहीतरी म्हणाली.

"त्या म्हणतात, मी माझ्या लेकीला सांगितलं होतं की मी फेकलं नाही," टीचर म्हणाल्या. "लेक म्हणाली होती, जाऊ दे आई, म्हातारपणी विसरायला होतं."

मी तिच्या लेकीला फोन करू का, असं विचारलं. आँटी नको म्हणाली आणि पुढची पायरी पुसायला वळली.

माकचिक क्लबात येत राहिल्या. उशी त्यांनी घरी एकटीने शिवली, मला दाखवली नाही. माझ्या मुलीची चौकशी करत, कधी केळ्याची भजी आणत. मात्र कापड कापायचं असलं की ते माझ्यासमोरून उचलून टीचरांकडे नेत. त्यात राग नसे, आणि मी कधी हात पुढे केला नाही.